निळ्या पुठ्ठ्याची वही



निमंत्रणाचा फोन आला तेव्हा प्राचार्य बाईंनी विषयही दिला होता, अध्यापक शिक्षणातले बदल. मी टिपणं काढली. एक वर्षाचं बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, आता बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आलाय, आंतरवासिता वाढली, असं बरंच लिहून आणलंय. पण मघाशी आत शिरले तर व्हरांड्यात तुम्ही मुली जमिनीवर बसून प्रदर्शनाचे तक्ते चिकटवत होतात. डिंकाचा तोच वास. मग टिपणांचा कागद पर्समधून काढावासाच वाटला नाही.

मी इथली १९८३-८४ची विद्यार्थिनी. माण तालुक्यातून आलेली. आमच्याकडे तेव्हा पाऊस कधी यायचा, कधी नाही. वडिलांनी मला पुण्याला धाडलं ते गावात उसनवारी करून. फी भरली, खानावळीचे पैसे भरले, आणि बी.एड.ला त्यापलीकडेही खर्च असतो हे मला इथे आल्यावर कळलं. प्रत्येक सराव पाठाला कार्डशीट हवं, स्केचपेनं हवीत, सराव शाळेपर्यंत पीएमटीचं तिकीट हवं. तिकिटाचे वाचवायला मी पहाटे निघून चालत जायची. कार्डशीटचे कसे वाचवणार?

आठवीच्या वर्गावर माझा विज्ञानाचा पाठ होता. हृदयाची रचना. मी कार्डशीट मधोमध कापलं आणि अर्ध्यावर आकृती काढली, लिंबाएवढं हृदय. झडपांची नावं मुंगीच्या अक्षरात. पाठ बरा झाला, पण पाठ बघायला बसलेल्या आमच्या प्राध्यापक बाईंनी निरीक्षण वहीत लिहिलं, ‘तक्ता मागच्या बाकावरून दिसत नाही.’ पाठ संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘आकृती एवढी लहान का काढलीस?’ मी म्हटलं, ‘बाई, उरलेलं अर्धं पुढच्या पाठाला लागेल.’

बाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलाच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही काढली, तिच्यात ठेवलेले ६० रुपये माझ्या हातात दिले आणि वहीत लिहिलं. मी वाकून बघितलं. तारीख होती, रक्कम होती. नावाचा रकानाच नव्हता. मी विचारलं, ‘बाई, परत कधी देऊ?’ त्या म्हणाल्या, ‘नोकरी लागली की या वहीत भर. जमेल तेवढं भर, पण दर महिन्याला भर.’ ते पैसे कुणाचे होते, तर आमच्या आधी शिकून गेलेल्या मुलींचे. कुणी शाळेत लागलेली, कुणी लग्न होऊन लांब गेलेली. त्यांच्या मनीऑर्डरी यायच्या, वहीत जमा व्हायच्या आणि आमच्यासारख्यांच्या कार्डशीटला लागायच्या.

त्या बाई समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. ८६ वर्षांच्या झाल्या. सुनेचा हात धरून आल्या आहेत. बाई, पुढचा पाठ मी अख्ख्या कार्डशीटवर घेतला होता, तुम्हाला आठवत असेल.

मुलींनो, तुम्ही ज्या विद्यापीठात शिकता ते असंच उभं राहिलंय. १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी ते काढलं तेव्हा महाविद्यालयात अवघ्या ५ मुली होत्या. अशा वेळी कुणीही म्हणालं असतं, आधी या पाचजणींचं बघा. अण्णांनी पुढच्याच वर्षी, १९१७ साली, हिंगण्याला अध्यापिकाशाळा काढली, प्राथमिक शिक्षिका घडवायला. गावोगाव मुलींना शिकवायला बाई नसेल तर मुली वरच्या वर्गांपर्यंत येणार कुठून? आणि हे सगळं चाललं होतं वर्गणीवर. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले, विधवा बाई, गावोगाव सभांमधून बोलून अण्णांच्याच हिंगण्याच्या आश्रमासाठी पैसे जमवत.  सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली १५ लाखांची देणगी दिली, त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, ते आपण रोज लिहितो. पण १५ लाखांच्या आधीची चार वर्षं हे घर आणे-रुपये देणाऱ्यांनी चालवलं. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. अण्णा तर १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, खेड्यातल्या शाळांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढून पुन्हा दारोदार वर्गणी मागायला निघाले.

म्हणून मला तुम्हाला एकच सांगायचंय. पहिल्या पगारापासून द्या. तुमच्यातल्या बऱ्याचजणी शिक्षणसेवक म्हणून लागतील, १६ ते २० हजार मानधनावर, तीन वर्षं. खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल, घरी पाठवायचे, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी त्यातले ५० रुपये काढा. कायम झाल्यावर देऊ, घराचा हप्ता फिटल्यावर देऊ, मुलांची शिक्षणं झाल्यावर देऊ, असं म्हणणाऱ्या माझ्या कितीतरी मैत्रिणी आहेत, मनाने मोठ्या, आणि त्यांचं द्यायचं राहून गेलं. हात लहानपणी वळतो तसा पहिल्या पगाराला वळतो. पगार झाला त्याच दिवशी द्या. महिनाअखेरीला उरतील ते देऊ म्हणाल तर काही उरत नाही. मी २५ रुपयांनी सुरुवात केली. मनीऑर्डरीचा फॉर्म भरताना पोस्टमास्तर म्हणायचे, ‘बाई, सहा महिन्यांचे एकदम पाठवा, कमिशन वाचेल.’ मी ऐकलं नाही. एकदम पाठवायचं ठरवलं असतं तर एखाद्या सहामाहीत राहिलं असतं.

आणि द्यायचं तर इथे द्या, असं मी हट्टाने सांगते. देवळाला द्या, गावच्या शाळेला द्या, जरूर द्या. पण हिशेब करून बघा. एक शिक्षिका वर्षाला ४० मुलांना शिकवते धरलं तर तीस वर्षांत १२०० मुलं होतात. तिला इथे असताना चार कार्डशीटं कमी पडली, आजारपणात खानावळीचे पैसे थकले आणि ती मधेच घरी निघून गेली, तर त्या १२०० मुलांसमोर कोण उभं राहणार?

विद्यापीठातून आलेल्या साहेबांनाही माझी विनंती आहे. इमारतीला देणगीदार मिळतात, सभागृहाला मिळतात, आणि मिळायलाच हवेत. पण बसच्या पासाला, चष्म्याला, परीक्षेच्या फॉर्मला लागणारा पैसा तीन सह्यांमधून फिरून येईपर्यंत तारीख उलटून जाते. एक खण असा ठेवा की जो एका बाईंना त्यांच्या विश्वासावर उघडता येईल. असा खण माझ्यासारख्या घरांतल्या मुलींना लागतो. पालकांमध्ये तिकडे मागे डोक्याला टॉवेल बांधलेले एक बाबा बसलेत. मघाशी ते मला म्हणाले, मुलीचं पहिलंच स्टेजवरचं काम आहे, म्हणून रात्रीच्या एसटीने आलो. माझे वडील असेच आले होते, बाबा. त्यांना त्या ६० रुपयांचं मी कधीच सांगितलं नाही.

निवेदन करणारी मुलगी दोनदा माझ्याकडे बघून गेली. नाचाच्या मुली तयार होऊन उभ्या आहेत, त्यांना आता ताटकळत ठेवत नाही. प्राचार्य बाई, वही अजून चालू आहे आणि तिसऱ्या पुठ्ठ्यात बांधली आहे असं तुम्ही फोनवर म्हणालात. कार्यक्रम झाला की मला दाखवा. या महिन्याचे मी अजून भरलेले नाहीत, पाकीट सोबत आणलंय.