काट्यामागून आलेली बुरशी

गाईला कृत्रिम रेतन करायला डॉक्टर गावात येतात, तेव्हा त्यांच्याजवळचं अॅल्युमिनियमचं भांडं तुम्ही पाहिलं असेल. झाकण काढलं की पांढरी वाफ उसळते. तो द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश सेल्सिअस. त्वचारोगतज्ज्ञ हाच द्रव एका हट्टी बुरशीवर फवारतात.

ही बुरशी म्हणजे गजकर्ण नव्हे, हे आधी सांगतो. नाहीतर कुणी घरी बर्फ घासत बसेल. गजकर्ण कातडीच्या वरच्या थरात राहतं, त्याला औषधच लागतं. (दुकानातून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम तर नकोच.) मी म्हणतो ती बुरशी मातीत, कुजक्या लाकडात राहते आणि काट्याबरोबर कातडीखाली शिरते. रोगाचं नाव क्रोमोब्लास्टोमायकोसिस. ब्राझील, मादागास्करमध्ये तो बराच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही त्याचे रुग्ण आढळले आहेत. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं.

माझे मामू कोकणात सुपारीच्या बागेत अनवाणी राबले. घोट्यावरचा फोड त्यांनी कित्येक वर्षं चामखीळ म्हणून सांभाळला. ‘दुखत नाही ना, मग राहू दे.’ दुखत नाही हाच या रोगाचा कावा! फोडाचा हळूहळू फ्लॉवरसारखा गड्डा होतो, पाय सुजतो, फार वर्षांनी क्वचित तिथं कर्करोगही होतो. मामूंच्या फोडावरचे काळे ठिपके पाहून डॉक्टरीणबाईंना शंका आली. ते खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर तपकिरी, जाड भिंतीच्या गोल पेशी. डॉक्टर लोक त्यांना तांब्याच्या नाण्यांची उपमा देतात. कवी म्हणून मी दाद दिली.

मग इट्राकोनाझोलच्या गोळ्या, महिनोन्‌महिने, आणि जोडीला काही आठवड्यांच्या अंतरानं नायट्रोजनचा फवारा. गंमत अशी की प्रयोगशाळेत बुरशीचे नमुने याच नायट्रोजनमध्ये जपून ठेवतात! म्हणजे नुसत्या थंडीनं ती मरेलच असं नाही. पण गोठलेली कातडी मरून झडते, बुरशीचं घरच मोडतं आणि शरीराची संरक्षक यंत्रणा तिथं धावून येते. म्हणूनच फोड लहान असतो तोवर हा उपाय जास्त गुणकारी. मोठ्या गड्ड्याला तो एकटा पुरत नाही.

फवाऱ्यानं आग होते, नंतर पाण्याचा फोड येतो. तो घरी फोडायचा नाही. सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहू शकतो. मधुमेह असेल, पाय बधिर असेल, तर आधीच सांगावं. आणि पायावर न दुखणारी, न जाणारी ‘चामखीळ’ असेल, तर त्वचारोग विभागात जाऊन एवढंच म्हणा: डॉक्टर, जरा खरवडून बघता का?