यंत्र ब्रेकडाऊनला आहे, तू नाहीस

(दहावी १९८६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘पन्नाशीनंतरचा व्यायाम’ हा विषय दिलाय. मी डॉक्टर नाही. आधी भोसरी आणि मग चाकण, मिळून तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, आणि गेली बारा वर्षं लांब पल्ल्याची सायकल चालवतो. त्यामुळे आपल्यापैकी कुणाचा सायकल ट्रेनर बिघडला की फोन मला येतो. तिथूनच सुरुवात करतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ट्रेनर म्हणजे घरात सायकल अडकवायचा स्टँड. साध्या प्रकारात मागचं चाक रोलरवर टेकतं. महागड्या प्रकारात चाक काढून चेन थेट यंत्राच्या कॅसेटवर चढवायची. तो मोबाइलशी बोलतो, आणि पडद्यावर चढ आला की पॅडल जड करतो.

तो घेणाऱ्याला मी हसत नाही. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरच्या कडेने सायकल चालवा, असं मी कुणालाही सांगणार नाही. शिफ्ट सुटताना नाशिक हायवेवर काय होतं ते इथल्या निम्म्या लोकांना पाठ आहे. शिवाय पावसाळ्यात खड्डा कुठला आणि डबकं कुठलं ते कळत नाही. घरात सुरक्षित बसून पाय मारावेत, हा विचार शहाणपणाचाच आहे.

पण मग दुखणी सुरू होतात. रोलरवाल्यात टायरची हवा कमी झाली किंवा रोलरचा दाब बदलला की आकडे बदलतात. कालची ताकद आणि आजची ताकद यांची तुलनाच होत नाही. म्हणून दहा-पंधरा मिनिटं चालवून, यंत्र गरम झाल्यावर कॅलिब्रेशन करायचं. ते करताना सिग्नल तुटतो. ब्लूटूथ मोबाइलने आधीच पकडलेलं असतं, मग लॅपटॉपला ट्रेनर सापडत नाही. नवी सायकल घेतली तर तिचा अ‍ॅक्सल वेगळा, कॅसेट वेगळी, म्हणजे अ‍ॅडॉप्टर शोधा. घाम थेट हँडलच्या बोल्टवर पडतो आणि गंज धरतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की पंखा बंद. हे किरकोळ वाटेल, पण आपण पायांसाठी जी ऊर्जा जाळतो तिच्यातली जेमतेम वीस-पंचवीस टक्के पॅडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. रस्त्यावर वारा ती घेऊन जातो. बंद खोलीत पंख्याशिवाय नाडी उगीचच वर चढते.

आणखी एक गंमत. काही ट्रेनरमध्ये ठरलेली ताकद कायम ठेवायची सोय असते. तुम्ही दमलात, पाय मंदावले, की यंत्र ताकद टिकवायला पॅडल आणखी जड करतं. त्यामुळे पाय आणखी मंदावतात. शेवटी पॅडल जागेवरच थांबतं. आमच्या कारखान्यात अशी रचना कुणी मंजूर केली नसती.

आता मुद्द्याची गोष्ट. मोशीला राहणारा आपला एक वर्गमित्र, नाव सांगत नाही, तो इथे बसलाय आणि त्याची परवानगी घेतली आहे. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, म्हणून त्याने ट्रेनर घेतला. दोन महिने नेमाने चालवला. मग बेल्टचा आवाज यायला लागला, खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, यंत्र दुरुस्तीला गेलं. पार्ट यायला सव्वा महिना लागला. तेवढे दिवस साहेब सोफ्यावर! मी म्हटलं, “अरे, यंत्र ब्रेकडाऊनला आहे, तू नाहीस. तुझ्या बिल्डिंगला जिना आहे ना?” तो म्हणाला, “पण त्याची नोंद कुठे होणार?”

मला हे हसण्यावारी नेता येत नाही. व्यायाम त्याच्या औषधाचा भाग होता, आणि ते औषध एका बेल्टवर अवलंबून राहिलं होतं.

आपल्यापैकी अनेकांचे वडील पिंपरीच्या एचए कंपनीत, टेल्कोत नाहीतर आकुर्डीला कामाला होते. डबा कॅरियरला लावून सायकलने जायचे. देहू, आळंदीकडून येणारेही होते. समजा जायला बारा किलोमीटर, यायला बारा, आठवड्याचे सहा दिवस. १४४ किलोमीटर झाले. आज एवढं कुणी केलं तर आपण त्याचा सत्कार करू. अर्थात त्या पिढीला उगाच देवत्व देऊ नका. आठ तास उभं राहून परत पॅडल मारायचं, त्यात हौस नव्हती. परवडताच माझ्या वडिलांनी लुना घेतली आणि ते फार खूश झाले.

पण त्यांचा वेग लक्षात घ्या. आम्ही बीआरएम नावाच्या राइड करतो, त्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून ताशी १५ किलोमीटरपेक्षाही थोडं कमी! डबा लावलेल्या सायकलचाच वेग. दमसास तयार होतो तो अशा संथ, लांब तासांनी. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी अमेरिकेची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. साधनं आणि मदतीची टीम लागतेच तिथे. पण सीटवर तासन्‌तास बसणं, चालवता चालवता खाणं, झोप आवरणं, हे खोलीतल्या पडद्यावर शिकता येत नाही.

मग वेग किती ठेवायचा? त्याला घड्याळ लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास तुटला तर कमी करा. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा बघा, साठी ओलांडलेल्या बायका डोक्यावर तुळस घेऊन, अभंग म्हणत चालत असतात. म्हणता म्हणता चालायचं म्हणजे वेग आपोआप बरोबर बसतो. बहुतेक दिवस असेच चाला किंवा चालवा, चाळीस मिनिटांपासून सुरू करा. आठवड्यातून एखाद्या दिवशी टेकडी नाहीतर जिना जरा जोरात. नोंद हवीच असेल तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रेघ मारा. शिफ्टवाल्यांनी नाइट करून आल्यावर जोराचं काही करू नये, झोपावं. आणि चालताना छातीत दाब किंवा चक्कर जाणवली तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

ज्यांच्याकडे ट्रेनर आहे त्यांनी तो विकू नये. मुसळधार पावसात वापरा. ॲप जोडलं गेलं नाही तर तसंच चालवा, रेडिओ लावा.

आपला मोशीकर मित्र गेल्या दिवाळीपासून पहाटे स्पाइन रोडला चालतो. ट्रेनर दुरुस्त होऊन आलाय, त्यावर सध्या टॉवेल वाळतात. साखर किती उतरली ते त्यालाच जेवताना विचारा.

येत्या रविवारी पहाटे पावणेसहाला निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात जमू. चालणारे दुर्गा टेकडीवर, सायकलवाले देहूपर्यंत जाऊन परत. कुठलीही जुनी सायकल चालेल, फक्त ब्रेक तपासून आणा. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच, पाण्याची बाटली घ्या. सर, तुम्हीही या. टेकडीच्या पायथ्याशी हजेरी तुम्हीच घ्या, म्हणजे कुणी दांडी मारणार नाही.