हृदयाचा स्वतःचा रक्तपुरवठा



हृदय शरीराला रक्त पुरविते, हे शाळकरी पोरही सांगेल. पण हृदयाला रक्त कोण पुरविते? ते तर रक्ताने सदा भरलेले. त्याला उणे कशाचे, असे आपणांस वाटते. आपल्या सियागंजातच पहा. पोत्यांमागून पोती साखर ज्याच्या पाठीवरून गोदामात जाते, त्या हमालाला घरची पाव किलो साखर दुकानातूनच आणावी लागते. हृदयाचेही तसेच. मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त त्यातून जाते. परंतु आतले पातळ अस्तर वगळता त्याच्या जाड भिंतीला त्याचा परस्पर काही उपयोग नाही.

महारोहिणी हृदयातून निघते तेथेच, झडपेच्या लगेच वर, तिला दोन शाखा फुटतात. त्या हृदयरोहिणी, डॉक्टर त्यांना कॉरोनरी म्हणतात. बाहेरून वेढा घालून त्या स्नायूत शिरतात. एकूण रक्ताचा सुमारे विसावा हिस्सा हृदय असा स्वतःसाठी घेते. एवढ्या कामाला ही दलाली काही जास्त नव्हे!

मौज पुढेच आहे. आकुंचनात हृदयाचा स्नायू स्वतःच्याच वाहिन्या आवळतो. म्हणून डाव्या जवनिकेला रक्त मिळते ते मुख्यतः विसाव्यात. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद, त्यात विसावा ०.५. गोदामाचा जिना भरभर चढलात की ठोके वाढतात, आणि विसावाच अधिक कापला जातो. शिवाय आलेल्या रक्तातला बहुतेक प्राणवायू हृदय एरवीच शोषते. अधिक हवा तर अधिक रक्तच हवे. निरोगी रोहिणी रुंदावून ते देतात. चरबी साचून अरुंद झालेल्या कोठून देणार? मग छाती दडपते, थांबले की उतरते.

हा ‘गॅस’ नव्हे. आपली मंडळी सोडा पितात, ओवा चघळतात, ‘दुकान वाढवून मग पाहू’ म्हणतात. दडपण थांबूनही उतरले नाही, घाम फुटला, कळ डाव्या हातात वा जबड्यात गेली, तर रोहिणीत गुठळी अडकली असे धरून चालावे. मधुमेह्यांना व कित्येक स्त्रियांना कळ न येता नुसती धापच लागते. रक्त अडल्यावर अर्ध्या तासाच्या सुमारास स्नायू मरू लागतो. मेलेला पुन्हा उगवत नाही.

ग्रुन्ट्झिग यांनी १९७७ साली झुरिक येथे अरुंद हृदयरोहिणी फुग्याने प्रथम रुंद केली. आज ती सोय इंदुरातही आहे. १०८ क्रमांकावर फोन करावा, स्वतः चालत वा गाडी हाकीत निघू नये. महाराजा यशवंतराव रुग्णालय येथून दूर नाही, आणि कार्डिओग्राम काही मिनिटांत निघतो.