गोपाळरावांचा मार आणि आपलं वाचन

(वाचनगटांच्या शिबिरातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



वस्तीतल्या वाचनगटांत सगळ्यात जास्त फिरतात ती थोरामोठ्यांची चरित्रं. 'हे खरं घडलंय' या शब्दांना वजन असतं, म्हणूनच ती सावधपणे वाचायला हवीत. आज फक्त आनंदीबाई जोशींबद्दल बोलते.

आपल्यापैकी बहुतेकींना त्या भेटल्या श्री. ज. जोशींच्या १९६८ च्या 'आनंदी गोपाळ'मधून, नाहीतर २०१९ च्या चित्रपटातून. ती कादंबरी आहे हे माहीत असतं, पण चर्चेत तिचा इतिहास होतो. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "गोपाळरावांनी मारलं म्हणून तर ती डॉक्टर झाली!" सल्लाकेंद्रात बसणाऱ्या आपल्याला हे वाक्य नवं नाही. नवरा मारतो ते भल्यासाठी, असं सासू सांगते, चौकीतला हवालदार सांगतो, कधी मार खाणारीही सांगते. आता त्याला थोर बाईचा दाखला मिळाला.

आनंदीबाई स्वतः काय म्हणतात? अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी लहानपणी लाकडाने खाल्लेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या-पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या, सगळं मांडलंय. हे वागणं चांगलं होतं की वाईट, तर दोन्ही, असा निवाडाही दिलाय. पण गप्प सोसण्यावाचून आपल्याला मार्गच नव्हता, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. ही पत्रं आणि त्यांवरचं मीरा कोसंबींचं पुस्तक २०२० मध्ये इंग्रजीत आलं. गटात त्याचा गोषवारा मराठीत सांगायला हवा.

आणि डॉक्टरच का? १८८३ साली श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नगरच्या नव्हे) जाहीर भाषणात त्यांनी कारण दिलं: इथे स्त्री-डॉक्टरांची गरज आहे. स्वतःचं मूल दहा दिवसांत गेलेली ही मुलगी. त्या बोटीने गेल्या तेव्हा गोपाळराव सोबत नव्हते. तिकडे घरात ठेवून घेतलं थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाईने, शिकवलं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजने. १८८६ मध्ये पदवी मिळाली. आपल्या चर्चेत कार्पेंटरबाई येतात का कधी? आनंदीबाई गेल्यावर दोनच वर्षांत, १८८९ साली, काशीबाई कानिटकरांनी त्यांचं मराठी चरित्र लिहिलं. आपल्या किती ग्रंथालयांत ते आहे, तेवढं बघा.

गोपाळरावांनी काहीच केलं नाही, असं मी म्हणत नाही. शिकवण्याचा ध्यास त्यांचाच. पण शिकवणं वेगळं आणि मारणं वेगळं. पुस्तकाने दोन्हींची मोट बांधली, तर ती आपण गटात बसून सोडवायची.

पुढच्या बैठकीला रखमाबाई घेऊ. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. मग लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं काम केलं. नवऱ्याच्या घरी एक दिवसही न नांदता.