बोलणारी वाहने आणि मुकी ट्रॉली

(कनेरगाव नाका येथे रस्ता सुरक्षेवर केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या गावाच्या नावातच नाका आहे. एकेकाळी निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांची सीमा याच परिसरातून जात असे. नाका म्हणजे वाहनाने थांबून आपली ओळख देण्याचे ठिकाण. आज टोलनाक्यावर काचेवरच्या फास्टॅगची ओळख बिनतारी लहरींनी क्षणात पटते. परंतु हा संवाद वाहन आणि नाका यांच्यातला, काही मीटरपुरता. समोरासमोर येणाऱ्या दोन वाहनांनी एकमेकांना ओळख द्यावी, यासाठी अल्प पल्ल्याची बिनतारी यंत्रणा योजली गेली. तीत प्रत्येक वाहन आपले स्थान, वेग आणि दिशा सेकंदाला सुमारे १० वेळा आसपासच्या वाहनांना कळवते.

याचे मोल साध्या हिशेबाने कळेल. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते. चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यास दीड सेकंद लागला, तरी ३३ मीटर संपतात. अडथळ्याची सूचना ३०० मीटर आधी मिळाली, तर १३ सेकंद हाती राहतात. प्राण वाचण्यास तेवढे पुरेसे असतात.

अमेरिकेने १९९९ मध्ये या कामासाठी ७५ मेगाहर्ट्झचा लहरीपट्टा राखून ठेवला. तरीही दोन दशकांत ही यंत्रणा फारशा वाहनांत पोहोचली नाही. २०२० मध्ये त्यातील ४५ मेगाहर्ट्झ काढून घेण्याचा आणि उरलेला पट्टा मोबाइल तंत्रावर आधारित नव्या पद्धतीला देण्याचा निर्णय झाला. कारण उघड आहे : एकट्याने बोलून उपयोग नसतो, ऐकणाराही तितकाच सज्ज असावा लागतो.

आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे होते. हिंगोली-वाशीम रस्त्यावर महागड्या मोटारीबरोबर हळदीची ट्रॉली, बैलगाडी आणि पायी निघालेला शेतमजूरही असतो. मोटार कितीही बोलकी झाली, तरी अंधारातली ट्रॉली तिला उत्तर कसे देणार?

तिलाही वाचा देता येते. मागच्या फळीवर लावलेली लाल परावर्तक पट्टी वीज वा लहरींवाचून दुरूनच सांगते, ‘मी येथे आहे.’ यंत्रे येतील तेव्हा त्यांचे स्वागत करूच. आज मात्र घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या ट्रॉलीची मागची बाजू पाहावी आणि मुलाच्या दुचाकीचा मागचा दिवा लागतो की नाही, हेही तपासावे.