जुन्या मोटारीच्या स्वयंचलित गिअरचें निदान

रोगी दारांत आला म्हणजे जाणता वैद्य प्रथम त्याच्याकडे नीट पाहतो, मग हात लावून पाहतो आणि मग प्रश्न विचारतो. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी ही त्रिविध परीक्षा आयुर्वेदानें सांगितली आहे. ती झाल्यावांचून औषध देणाऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाहीं. जुन्या मोटारीचा आपोआप बदलणारा गिअर कुरकुर करूं लागला म्हणजे मात्र हा क्रम पुष्कळदां सुटतो. "गिअरबॉक्स गेला" असा निकाल कोणी तरी उभ्याउभ्या देतो, आणि मालक एक तर मोठा खर्च पत्करतो, नाहीं तर येईल त्या किंमतीस गाडी विकून मोकळा होतो.

अमरावती-अकोल्याकडे अशी गाडी कित्येक वयस्क गृहस्थ हौसेनें नव्हे, गरजेनें घेतात. गुडघ्यानें दगा दिलेला असतो, क्लच दाबवत नाहीं. गाडी गेली म्हणजे त्यांचें एकट्यानें बाहेर पडणेंच खुंटतें. म्हणून घाईच्या निकालाची झळ केवळ खिशालाच लागते असें नाहीं.

या यंत्राची रचना थोडक्यांत अशी आहे. पायानें दाबावयाच्या क्लचऐवजीं येथें तेलानें भरलेलें एक भांडें असतें; त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. इंजिन एका बाजूचीं पातीं फिरवितें, त्या पात्यांनीं तेल फिरतें, आणि फिरणारें तेल दुसऱ्या बाजूचीं पातीं फिरवितें. त्यामागें दातेरी चक्रांचा संच असतो. कोणतें चक्र धरावें व कोणतें सोडावें हें काम लहान लहान क्लच-प्लेटा करितात, आणि त्या प्लेटांना आवळणारी शक्ति म्हणजे पुन्हां तेलाचा दाबच. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाडीसाठीं 'हायड्रा-मॅटिक' गिअर काढला, तेव्हांपासून तेल हेंच या यंत्राचें रक्त होऊन राहिलें आहे.

क्लचचें पेडल नसलेली प्रत्येक गाडी मात्र या जातीची नसते. २०१४ सालीं सेलेरिओ गाडीबरोबर एएमटी गिअर भारतांत सामान्यांच्या आवांक्यांत आला. त्यांत साधाच गिअरबॉक्स असून क्लच दाबण्याचें काम यंत्र करितें. गिअर बदलतांना त्या गाडीला किंचित् डोल येतो. तो रोग नव्हे, स्वभाव होय. तेव्हां गाडी कोणत्या जातीची, हें आधीं ठरवावें.

आतां दर्शन. पुष्कळ गाड्यांत सपाट जागीं, इंजिन गरम व चालू असतां, दांडी 'पी' वर ठेवून डिपस्टिकनें तेल पाहतात. कांहींत इंजिन बंद करून पाहावें लागतें, तर कांहींत डिपस्टिकच नसते. म्हणून गाडीची पुस्तिका प्रथम वाचावी. यांतील बहुतेक तेलें नवीं असतांना लाल व स्वच्छ असतात. तेल तपकिरी होऊन त्याला करपल्याचा वास आला, तर तें अति तापलें असें समजावें. दुधाळ गुलाबी झालें, तर रेडिएटरमधील पाणी त्यांत शिरल्याचा संशय घ्यावा. हें तेल इंजिनांतल्या तेलासारखें जळून कमी होत नाहीं. पातळी उतरली असेल तर कोठें तरी गळती आहेच. उलट, प्रमाणाबाहेर भरलेल्या तेलाला फेंस येतो व दाब पडतो. जात चुकलेलें तेलही झटके देतें.

दुसरें स्पर्शन, म्हणजे गाडी चालवून अंगानें ओळखणें. ही परीक्षा दोन वेळां करावी: सकाळीं थंड असतांना आणि तासभर चालून तापल्यावर. 'डी' वर दांडी टाकल्यावर गाडी दोन-तीन क्षण स्तब्ध राहत असेल, तर तेल कमी किंवा आंतील रबरी सीलें कडक झालेलीं असूं शकतात. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाहीं, तर प्लेटा घसरत आहेत. गिअर उशिरां व धक्क्यानें पडत असेल, तर जुन्या गाडींत आधीं थ्रॉटलची केबल पहावी. आणि इंजिनच अडखळत असेल किंवा त्याचे रबरी माऊंटिंग फाटले असतील, तर तो धक्काही गिअरच्या माथीं मारला जातो.

परीक्षेची वाटही निवडावी लागते. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर घालण्याचा जागतिक विक्रम झाला. अशा सपाट, सरळ रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्यें निवांत धांवते आणि दोष झांकून ठेवते. तोच दोष राजकमल चौकांतील गर्दींत किंवा चिखलदऱ्याच्या चढावर प्रकट होतो. शिवाय मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांवर चढतो. पुष्कळ गाड्यांत गिअरचें तेल रेडिएटरमधूनच थंड होत असल्यानें त्यावरील धुळीचा थर काढणें हाही गिअरचाच उपचार होय.

तिसरा प्रश्न. दोष कधींपासून, थंडपणीं कीं तापल्यावर, आणि त्याआधीं कोणतें काम केलें होतें, हें मिस्त्रीनें मालकास विचारावें. नंतर गाडींतील संगणकास स्कॅनरनें विचारावें. गाडी एकाच गिअरमध्यें अडकली असेल, तर पुष्कळदां संगणकानेंच यंत्राच्या बचावासाठीं तसें केलेलें असतें, आणि मूळ दोष एखाद्या सोलेनॉइडांत, सैल तारेंत किंवा दुबळ्या बॅटरींतही सांपडतो. स्कॅनरचा आंकडा रोगाचें लक्षण सांगतो. कारण माणसानेंच शोधावयाचें असतें.

मूर्तिजापूर आणि बोरगांव मंजू यांच्या दरम्यान गाडी बंद पडली, तर दोर बांधून ती ओढूं नये. इंजिन बंद असतां तेलाचा पंप बंद राहतो, आणि फिरणारीं चक्रें कोरडीं घासतात. ज्या चाकांना इंजिन फिरवितें तीं उचलून, किंवा सबंध गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी.

इतकें करूनही जळक्या तेलांत प्लेटांचा भुगा दिसला व घसरण थांबली नाहीं, तर नवीन तेलानें रोग बरा होणार नाहीं. गिअरबॉक्स उघडलाच पाहिजे. पण तो शेवटीं उघडावा, आरंभीं नव्हे.