रानभाजीची जत्रा

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



जत्रा तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. पाळणा, शेव-रेवडी, बांगड्यांची दुकाने. आज आम्ही तुम्हांला एका निराळ्या जत्रेची हकिकत सांगणार आहोत. या जत्रेत पाला विकायला असतो. होय, पाला! आणि तो घ्यायला माणसे रांग लावतात.

आमचे गाव ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात आहे. पाठीला सह्याद्रीचे डोंगर आहेत. पाऊस लागला की चार दिवसांत रान हिरवे होते. त्या हिरव्यात आपले अन्न असते. टाकळा असतो, कुर्डू असते, भारंगी असते. वेलीवर करटोली लागतात. हे कोणी पेरत नाही. कोणी खत घालत नाही. तरी दरसाल वेळेवर येते.

महाराष्ट्राच्या कृषी विभागाने २०२० सालापासून रानभाजी महोत्सव सुरू केले. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. त्या सुमारास हे महोत्सव भरतात. आमच्या बचत गटाच्या बाया असाच एक महोत्सव बघून आल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आपल्या गावातही करू या. तुम्ही पुढे व्हा."

आम्ही गप्प बसलो. का गप्प बसलो, ते आधी सांगतो.

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. एका वर्गात एक मुलगी होती. मधल्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. तिच्या डब्यात नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी असायची. मुले हसायची. "पाला खाते, पाला खाते," म्हणायची. एकदा आम्ही तिला म्हणालो, "अगं, उद्यापासून चपाती आणत जा." आम्ही रागाने बोललो नव्हतो, मायेनेच बोललो होतो. पण दुसऱ्या दिवसापासून तिने डबाच आणला नाही. दुपारभर ती उपाशी बसू लागली. घरी गहू नव्हता, हे आम्हांला फार उशिरा कळले.

हसणाऱ्या मुलांना आम्ही दटावायला हवे होते. ते सोडून आम्ही त्या मुलीलाच लाज शिकवली. आता सांगा, रानभाजीच्या जत्रेत आम्ही कोणत्या तोंडाने पुढे व्हायचे?

तरी बायांनी आम्हांला ओढून नेलेच. म्हणाल्या, "चिठ्ठ्यांवर नावे लिहायची आहेत. आमच्या वर्गातल्या बाया लिहितील. तुम्ही फक्त बघा."

शाळेच्या पडवीत भाज्या मांडल्या. सत्तावीस प्रकार निघाले! आम्हांला त्यांतले आठ-नऊच ओळखता आले. ठाकरवाडीची एक आजी मात्र एकेक जुडी उचलून नाव सांगत होती. हिचा कोवळा पाला घ्यावा. हिचे फूल घ्यावे. हिचे फळ घ्यावे. भारंगी कडू असते, म्हणून ती उकडून पाणी पिळून टाकावे. शेवळाने घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकडाची फळे किंवा चिंच घालावी. पण शेवळे पहिल्या पावसात येतात. जत्रेच्या वेळी त्यांचे दिवस सरले होते.

आजी हसून म्हणाली, "गुरुजी, तुमाला अक्षरं कळतात. आमाला पानं कळतात."

आजी सांगत होती आणि वर्गातल्या बाया लिहीत होत्या. एका चिठ्ठीवर वाद झाला. एक म्हणे करटोली, दुसरी म्हणे कंटोळी, तिसरी म्हणे कर्टुले. आम्हांला विचारले, "गुरुजी, खरे कोणते?" आम्ही म्हणालो, "तिन्ही खरी. तिन्ही लिहा."

मंडळी, इथे ध्यान द्या. त्या आजीचे वय झाले आहे. तिच्या सुना शहरात कामाला आहेत. नातवंडांना टाकळा ठाऊक नाही. तिने सांगितलेले कोणी लिहून घेतले नसते, तर ते तिच्याबरोबरच गेले असते. चार महिन्यांपूर्वी अक्षर शिकलेल्या बायांनी ते राखले. लिहिता-वाचता येण्याचा याहून मोठा उपयोग कोणता?

आजीला शाळा नव्हती, म्हणून तिला अडाणी समजू नका. घाटावर अकोले तालुका आहे. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावठी वाणांचे बी जपले. त्याची बँक उभी केली. भारत सरकारने त्यांना २०२० सालचा पद्मश्री किताब दिला.

आता नाचणीचे ऐका. हाडांना कॅल्शियम लागते. ते नाचणीत तांदळाच्या तीसपट असते. अशा भरड धान्यांसाठी २०२३ हे साल सगळ्या जगाने पाळले. ज्या भाकरीला मुले हसत होती, त्या भाकरीचा असा मान झाला!

जत्रेतले जेवणही तसेच होते. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, मातीच्या माठातले पाणी. प्लॅस्टिकचे ताट नाही, वाटी नाही. खरकटे गुरांना घातले. पत्रावळी खताच्या खड्ड्यात गेल्या. संध्याकाळी पडवी झाडली तेव्हा सूपभरही केर निघाला नाही. धान्य गावचे, भाजी रानची, आणि विक्रीचा पैसा वाडीतल्या बायांच्या हाती.

वाढायला एक बाई होती. तिची मुलगी शेजारी बसून चिठ्ठ्या मोठ्याने वाचत होती. बाईने आमच्या पानावर नाचणीची भाकरी ठेवली, टाकळ्याची भाजी वाढली. म्हणाली, "ओळखलं का गुरुजी?"

आम्ही ओळखले. घास हातातच राहिला. आम्ही म्हणालो, "बाई, त्या दिवशी आमचे चुकले."

ती म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी. भाजी आणखी वाढू का?"

आम्ही दोनदा मागून घेतली.

मंडळी, अशी जत्रा तुमच्याही गावी भरू शकते. तिला मोठा खर्च लागत नाही. मात्र चार गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट. जाणत्या माणसाने ओळखलेलीच भाजी खा. दिसायला सारखी पण विषारी अशी झाडे रानात असतात. अंदाजाने काही खाऊ नका.

दुसरी गोष्ट. पाला खुडा, मूळ उपटू नका. करटोलीचा कंद जमिनीत राहिला, तर पुढच्या पावसात वेल पुन्हा वर येते. कंद काढला की वेल संपली.

तिसरी गोष्ट. सगळे ओरबाडून नेऊ नका. थोडे झाडाला ठेवा. त्याला फूल येईल, बी पडेल.

चौथी गोष्ट. तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी घेऊ नका. आणि बांधावर तणनाशक मारण्याआधी दोनदा विचार करा. ज्याला आपण तण म्हणतो, त्यात टाकळा आणि कुर्डूही असते.

आता आजचा अभ्यास. घरी जा. घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हातारीजवळ बसा. तिला पाच रानभाज्यांची नावे विचारा. कोणता भाग खायचा, कसा शिजवायचा, काय जपायचे, तेही विचारा. ते वहीत लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. पुढच्या वर्गाला वही घेऊन या.

आणि तुमच्या मुलाच्या डब्यात भाकरी असेल, तर त्याला सांगा, "बाळा, भिंतीकडे तोंड करू नको. सगळ्यांच्या मध्ये बसून जेव."